मावशी-मामांच्या हाताला सुई लागू नये म्हणून : छोट्या दवाखान्यात कचऱ्याचं काम कसं लावावं

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय किंवा दहा-पंधरा खाटांचा खासगी दवाखाना, यांपैकी कुठेही जैववैद्यकीय कचऱ्याची जबाबदारी तुमच्याकडे नुकतीच आली असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. तुम्ही इन्चार्ज सिस्टर असाल, मेडिकल ऑफिसर असाल किंवा दवाखान्याचे मालक असाल. पिशव्यांचे रंग, बारकोड, वार्षिक अहवाल हे सगळं करावंच लागतं. पण इथे भर आहे तो कचरा रोज हाताने उचलणाऱ्या माणसांवर : वॉर्डातल्या मावशी, ड्रेसिंग रूमचे मामा, लेबर रूम धुणाऱ्या ताई, कचऱ्याच्या खोलीची किल्ली सांभाळणारा माणूस.

मावशींना टोचते ती सुई त्यांनी वापरलेली नसते. दुसऱ्याच कुणीतरी ती वापरून चुकीच्या जागी टाकलेली असते : कापसात गुंडाळून, सलाईनच्या सेटला तशीच लटकवून, नाहीतर गादीखाली विसरून. म्हणून मावशींना जाड हातमोजे दिले की काम झालं, असं समजू नका. ज्या हाताने सुई वापरली त्याच हाताने ती तिथल्या तिथे डब्यात टाकायची, ही सवय डॉक्टर आणि सिस्टर यांना लागली की बहुतेक अपघात मुळातच टळतात. म्हणून पुढेही सुई कशी टाकायची ते आधी आणि हातमोजे-ॲप्रन नंतर, असा क्रम आहे.

धोका नेमका किती, हेही माहीत असू द्या. लस न घेतलेल्या माणसाला हिपॅटायटीस बी असलेल्या रुग्णाची सुई टोचली, तर शंभरातल्या ६ ते ३० जणांना लागण होऊ शकते. हिपॅटायटीस सीच्या बाबतीत हे प्रमाण शंभरात दोनपेक्षा कमी आहे, तर एचआयव्हीच्या बाबतीत हजारात सुमारे ३. सगळे एचआयव्हीला घाबरतात, पण खरी भीती बाळगावी ती हिपॅटायटीस बीची. त्याचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस जिवंत राहतो. चार दिवसांपूर्वीची कोरडी सुई ‘आता काही करत नाही’ असं कुणी म्हणालं तर ते खरं मानू नका. आणि याच आजारावर स्वस्त, खात्रीची लस आहे.

पहिला दिवस : कचऱ्याच्या मागे चाला

नवीन काही विकत घेण्याआधी एक दिवस फक्त बघा. सकाळच्या फेरीला मावशींच्या सोबत निघा आणि लेबर रूमपासून मागच्या खोलीपर्यंत पिशवी कशी जाते ते पाहा. कुठे पिशवी फरशीवरून ओढली जाते, कुठे दाबून बसवली जाते, कुठे एका पिशवीतून दुसरीत हाताने काढलं जातं, हे लिहून घ्या. हाताने वेगळं करणं हा सगळ्यांत धोक्याचा प्रकार आहे आणि तो बहुतेक दोन कारणांनी होतो. वॉर्डात वर्गीकरण झालेलं नसतं आणि कचरा न्यायला येणारा गाडीवाला मिसळलेली पिशवी घेत नाही, हे एक. दुसरं म्हणजे सलाईनच्या बाटल्या आणि सिरिंजचं प्लॅस्टिक भंगारात विकलं जातं. पगार तुटपुंजा असला की हा मोह होणारच, त्यासाठी मावशींवर ओरडून काही साधत नाही. सलाईनची बाटली वॉर्डातच कात्रीने चिरून टाकायची व्यवस्था करा, पिशव्या वजन करून नोंदवा, कचऱ्याच्या खोलीला कुलूप लावा. आणि महत्त्वाचं म्हणजे त्यांचा पगार वेळेवर होतोय का ते बघा.

मिसळलेली पिशवी सापडली तर नियम सोपा ठेवा : ती उघडायची नाही, उपसायची नाही. पिवळ्या पिशवीत सुई दिसली तर तोंड बांधून, वर ‘आत सुई आहे’ असं मार्करने लिहून, कडक बादलीत ठेवून वेगळी द्यायची. ती कुठल्या टेबलावरची आहे हे शोधून त्या टेबलाशी त्याच दिवशी बोलायचं.

दुसरं काम : लस

कचऱ्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला हिपॅटायटीस बीचे तीन डोस हवेत : आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मोठ्या माणसाचा डोस १ मिलि, दंडाच्या स्नायूत. कमरेला दिला तर लस नीट लागू पडत नाही. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लसीमुळे रक्तात किती अँटिबॉडी तयार झाल्या, ते तपासा. तो १० किंवा त्याहून जास्त आला तर संरक्षण मिळालं. कमी आला तर पुन्हा तीन डोस द्या आणि पुन्हा तपासा. दुसऱ्या खेपेलाही कमीच राहिला तर त्या व्यक्तीच्या नावापुढे ठळक नोंद ठेवा, कारण सुई टोचल्यावर तिला तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन लागेल. सोबत धनुर्वातासाठी टीडीची लस.

छोट्या दवाखान्यांत हमखास चुकतो तो तिसरा डोस. सहा महिन्यांत ठेकेदार बदलतो, माणूस बदलतो, कागद हरवतो. म्हणून लसीचं कार्ड दोन प्रतींत करा, एक मावशींकडे आणि एक दवाखान्याच्या फाइलला. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांनुसार कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांचं लसीकरण, कामावर घेताना आणि नंतर वर्षातून एकदा आरोग्य तपासणी आणि प्रशिक्षण ही दवाखान्याच्या प्रमुखाची जबाबदारी आहे. माणूस ठेकेदाराचा आहे म्हणून ती टळत नाही.

सुईचा मार्ग

इथे थोडं रेंगाळू, कारण सगळं यावर अवलंबून आहे.

पांढरा, आतलं दिसेल असा, न टोचला जाणारा डबा सुई वापरली जाते त्या जागेपासून हाताच्या अंतरावर हवा. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला असला की सिस्टर वापरलेली सुई ट्रेमध्ये ठेवून चालत जाते, वाटेत कुणीतरी हाक मारतं आणि सुई ट्रेमध्येच राहते. इंजेक्शन रूम, ड्रेसिंग ट्रॉली, लेबर रूम, लॅब, लसीकरणाचं टेबल या प्रत्येक ठिकाणी वेगळा डबा ठेवा. उंची कमरेच्या वर आणि डोळ्यांच्या खाली, म्हणजे तोंडात डोकावून बघता येईल अशी.

सुईवर टोपण परत बसवायचं नाही. अगदीच अडलं, तर टोपण टेबलावर आडवं ठेवून एका हाताने सुई त्यात सरकवायची, दुसरा हात मागे.

हब कटर, म्हणजे सुई मुळाशी कापायचं हाताने चालणारं यंत्र, वापरत असाल तर सुई भोकात उभी आणि तळापर्यंत घाला. सुईच्या मुळाशी असलेला प्लॅस्टिकचा हब पात्याखाली आला पाहिजे. मूठ एका दमात पूर्ण दाबा. सुई आणि हबचा तुकडा खाली डब्यात पडतो, उरलेली सिरिंज लाल पिशवीत जाते. सुई अर्धवट घातली तर पातं नुसता धातू कापतं आणि सिरिंजच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचा अणकुचीदार खुंट उरतो. हाच खुंट लाल पिशवीतून बाहेर येतो आणि पिशवी उचलणाऱ्याच्या मांडीला लागतो. पातं बोथट झालं की दोनदा दाबावं लागतं, सिरिंज हातातून उडते. तसं होऊ लागलं की कटर बदला.

विजेवर चालणारा नीडल बर्नर खेड्यापाड्यांत भरवशाचा नाही. वीज गेली की सुया शेजारच्या किडनी ट्रेमध्ये साठतात आणि मग वीज आल्यावर कुणीतरी त्या एक-एक उचलून जाळत बसतं. बर्नर असला तरी हाताने चालणारा कटर बाजूला ठेवाच.

इन्सुलिनची सिरिंज, जिची सुई निघत नाही, ती अख्खी पांढऱ्या डब्यात. शुगर तपासायची लॅन्सेट, आयव्ही कॅन्युलाची आतली सुई, टाक्यांची सुई, ब्लेड हे सगळं तिथेच. ब्लेड हाताने काढू नका, आर्टरी फोर्सेपने धरून काढा. डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. तिथे आधीच मार्करने रेघ मारून ठेवा, म्हणजे वाद होत नाही. भरलेला डबा हलवून, ठोकून, दाबून जागा करायची नाही.

डबे संपले आणि पुरवठा यायला वेळ लागणार असेल, तर फिरकीचं झाकण असलेला जाड प्लॅस्टिकचा रिकामा कॅन तात्पुरता चालवून घ्या. त्याच्यावर ‘सुया, उघडू नये’ असं चारी बाजूंनी लिहा. पाण्याची पातळ बाटली, सलाईनचा खोका किंवा औषधांचा पुठ्ठा मात्र अजिबात नको, त्यातून सुई सहज आरपार येते.

पिशव्या

रंगांचं पाठांतर थोडक्यात. पिवळ्यात रक्त लागलेला कापूस, गॉज, ड्रेसिंग, प्लास्टर, बाळंतपणातली वार, शरीराचे भाग, वापरलेले मास्क, मुदत संपलेली औषधं. लाल पिशवीत सिरिंज (सुईशिवाय), सलाईनची नळी आणि बाटली, कॅथेटर, युरिन बॅग, रबरी हातमोजे. पांढऱ्या डब्यात सुई आणि धारदार वस्तू. निळ्या खुणेच्या न टोचणाऱ्या डब्यात फुटकी काच, व्हायल, ॲम्प्यूल. ॲम्प्यूलचं तुटलेलं टोक मात्र फार वेळा ट्रेमध्ये किंवा फरशीवर राहतं आणि झाडताना बोटात जातं. ॲम्प्यूल फोडतानाच टोक गॉजमध्ये धरा आणि टोकासकट निळ्या डब्यात टाका.

पिशवी तीन-चतुर्थांशच भरा. वर इतकी मान शिल्लक राहिली पाहिजे की तिला गाठ मारता येईल. उचलताना मानेला धरा, बुडाला हात लावू नका, अंगापासून दूर धरा, खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊ नका. हवा काढायला पिशवी छातीशी दाबायची सवय अनेकांना असते, ती पहिल्या आठवड्यातच मोडा. वजन करायला हुकचा काटा असेल तर पिशवी वर उचलून चेहऱ्याजवळ धरावी लागते. फरशीवर ठेवायचा वजनकाटा घ्या, तो थोडा महाग पडला तरी.

अंगावर काय

कोपरापर्यंतचे जाड रबरी किंवा नायट्राईलचे हातमोजे, गमबूट, प्लॅस्टिकचा ॲप्रन, मास्क, चष्मा, टोपी. तपासणीचे पातळ हातमोजे कचरा उचलायला चालत नाहीत. जाड हातमोज्यातूनही सुई जाऊ शकते, पण ओरखडे, काच आणि रक्ताचे शिंतोडे अडतात.

माप फार महत्त्वाचं. बाजारातून एकाच मापाचे दहा जोड आणले की लहान हाताच्या मावशींची बोटं हातमोज्यात तरंगतात, पकड सुटते, आणि त्या हातमोजे काढून कामाला लागतात. प्रत्येकीचं माप घेऊन, नाव लिहून जोड द्या. गमबुटांचंही तसंच. पँट घालणाऱ्यांनी पाय बुटाच्या बाहेरून सोडावेत, आत खोचले तर पडलेली सुई सरळ बुटात जाते. साडी असेल तर पदर आणि निऱ्या ॲप्रनच्या आत नीट अडकल्या पाहिजेत आणि ॲप्रन गुडघ्याच्या खालपर्यंत हवा. कामापुरता सुती कुडता-पायजमा दवाखान्याने दिला तर सगळ्यांत बरं.

जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत जातो. त्या उन्हात गमबूट, ॲप्रन आणि मास्क घालून दुपारी दोनला फेरी लावणं म्हणजे माणसाला चक्कर आणणं. उन्हाळ्यात मोठी फेरी सकाळी सातच्या आत आणि दुसरी सूर्य कलल्यावर लावा. मध्ये सावलीत बसायची जागा, पिण्याचं पाणी आणि ओआरएस ठेवा. घामाने भिजून चष्म्यावर वाफ धरली की माणूस तो काढतोच. गैरशिस्तीपेक्षा त्यात उकाड्याचा दोष जास्त, म्हणून वेळ बदला.

काढायचा क्रम : हातमोजे घातलेलेच असताना ते आणि गमबूट साबणाने धुवा. मग ॲप्रन, मग हातमोजे आतून बाहेर उलटवत, मग हात धुवा. त्यानंतर चष्मा आणि शेवटी मास्क दोऱ्या धरून, आणि परत हात ४० ते ६० सेकंद. जाड हातमोजे नंतर सावलीत बोटं वर करून टांगा, उन्हात रबर तडकतं. रोज सकाळी हातमोज्यात हवा भरून, तोंड पिळून धरून बघा. फुस्स झालं की तो जोड गेला.

पाण्याची टंचाई असलेल्या ठिकाणी हात धुवायला नळाचा २० लिटरचा ड्रम वेगळा ठेवा आणि त्यातलं पाणी दुसऱ्या कशाला वापरू देऊ नका. शेजारी साबण दोरीने बांधलेला हवा, नाहीतर तो जागेवर राहत नाही.

हायपोक्लोराईटचं गणित

सोडियम हायपोक्लोराईटच्या कॅनवर टक्के लिहिलेले असतात. आपल्याला बहुतेक कामांना १% द्रावण लागतं. कॅनवरचा आकडा भागिले हवा असलेला आकडा, त्यातून एक वजा केला की पाण्याचे भाग मिळतात. कॅन ५% चा असेल तर एक भाग औषधाला चार भाग पाणी. १०% चा असेल तर एकाला नऊ. कॅन न बघता ‘दोन झाकणं बादलीत’ हे माप बंद करा. ब्लीचिंग पावडर वापरत असाल तर ताज्या पावडरीत साधारण ३०% क्लोरीन असतो, म्हणून एका लिटरला सुमारे ३३ ग्रॅम. नीट ढवळा, गाळ बसू द्या आणि वरचं पाणी वापरा. पावडरीचे दगड झाले असतील, उग्र वास येत नसेल, तर ती मेलेली आहे.

हे द्रावण उष्णता आणि उजेड यांनी कमजोर होतं. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेला कॅन आपल्या उन्हाळ्यात महिनाभरात फारच मंद पडू शकतो. कॅन अंधाऱ्या, थंड खोलीत, खरेदीची तारीख लिहून ठेवा. द्रावण दर पाळीला ताजं करा. धातूची भांडी आणि अवजारं त्यात भिजवू नका, गंज चढतो.

तीन गोष्टी कधीही करू नयेत. संडास साफ करायच्या ॲसिडमध्ये हायपोक्लोराईट मिसळू नका, क्लोरीन वायू निघून श्वास कोंडतो. असं झालंच तर बादली तिथेच सोडून सगळ्यांनी मोकळ्या हवेत यायचं. दुसरं, साठलेल्या लघवीवर ते थेट ओतू नका, तिथेही त्रासदायक वायू होतो. आधी कापडाने टिपून घ्या. तिसरं, पिवळ्या पिशवीत ओतू नका. ती पुढे भट्टीत जाळली जाते आणि क्लोरीनमुळे डायॉक्सिन ही विषारी द्रव्यं तयार होतात.

अनेक ठिकाणी कापलेल्या सिरिंज दिवसभर हायपोक्लोराईटच्या बादलीत भिजवून, मग हाताने निथळून काढायची पद्धत अजून चालू आहे. सामायिक प्रक्रिया केंद्राची, म्हणजे अनेक दवाखान्यांच्या कचऱ्यावर एकत्र प्रक्रिया करणाऱ्या केंद्राची, गाडी येत असेल तर याची गरज नाही, लाल पिशवीवर तिथे प्रक्रिया होते. बादलीतून सिरिंज काढताना मावशींच्या डोळ्यांत शिंतोडे उडतात आणि खुंट बोटात जातात. दवाखान्यातच आधी निर्जंतुक करायचं असतं ते लॅबचे नमुने आणि कल्चर, रक्ताच्या पिशव्या, आणि त्यासाठीही ऑटोक्लेव्ह असेल तर तो जास्त चांगला.

रक्त सांडलं तर : फरशीवर पोचा फिरवायची घाई करू नका, त्याने डाग पसरतो. कुणी घसरू नये म्हणून जागा अडवा, हातमोजे घाला. काच असेल तर सुपली आणि ब्रशने किंवा चिमट्याने उचला, हाताने नाही. रक्तावर गॉज किंवा जुना कागद पसरा, वरून १% द्रावण ओता, किमान १० मिनिटं थांबा. सांडलेलं जास्त असेल तर २० ते ३० मिनिटं. मग कागद पिवळ्या पिशवीत आणि फरशी पुसून घ्या. पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर झाडू अजिबात लावू नका. दोन पुठ्ठ्यांनी थेंब गोळा करून, थोडं पाणी असलेल्या झाकणाच्या बाटलीत भरून वेगळं द्या.

कचऱ्याची खोली आणि गाडी

खोलीला कुलूप, जाळी, धुवायला नळ, फरशीला उतार, आणि कुत्री-डुकरं शिरणार नाहीत असं दार. रंगानुसार वेगळ्या जागा. मावशींचं जेवण किंवा कपडे या खोलीत नकोत. जागा नाही म्हणून डबा तिथे ठेवला जातो, तेव्हा आधी त्यांना दुसरी जागा द्या.

प्रक्रिया न झालेला पिवळा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. गाडी आली नाही तर पहिल्याच दिवशी फोन करा, दुसऱ्या दिवशी लेखी कळवा, आणि ४८ तास उलटणार असं दिसलं की कारणासकट महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवा. कचरा मागच्या अंगणात जाळणं हा त्यावरचा उपाय नाही. जाळणारी माणसं धूर गिळतात आणि राखेत सुया तशाच उरतात. गाडीवाल्या कामगारालाही हातमोजे आहेत का, हे बघा. तुमच्या पिशवीतली सुई त्यालाही टोचते.

सातपुड्याच्या कुशीतली ठिकाणं

धडगाव, मोलगी, तोरणमाळ या बाजूला पावसाळ्यात घाट बंद झाला की गाडी येत नाही. जिथे सामायिक केंद्राची सोय पोहोचतच नाही, तिथे परवानगी घेऊन खोल पुरण्याचा खड्डा करता येतो. परवानगी आधी, खड्डा नंतर. खड्डा सुमारे २ मीटर खोल. दर खेपेला कचरा टाकल्यावर वर १० सेंटिमीटर माती. निम्मा भरला की जमिनीच्या पातळीपासून ५० सेंटिमीटर खाली राहील इथपर्यंत चुना, आणि मग उरलेली माती. वर गॅल्व्हनाईज्ड पत्र्याचं किंवा जाळीचं झाकण, सभोवती कुंपण. वस्ती आणि उथळ विहिरी लांब हव्यात, पुराचं पाणी येणारी किंवा धूप होणारी जागा नको. काळ्या मातीत खड्डा घेतला तर उन्हाळ्यात कडांना भेगा पडतात आणि पावसात त्या ढासळतात. शक्यतो मुरमाची जागा निवडा किंवा कडा बांधून घ्या. सुया या खड्ड्यात जात नाहीत. त्यांच्यासाठी सिमेंटचा बंद हौद आणि वर कुलूप लागणारा पाइप.

बाळंतपणानंतर काही नातेवाईक वार घरी पुरायला मागतात. त्यांची भावना समजून घ्या, पण हाताळणाऱ्यांचा धोकाही सांगा. लेबर रूममधल्या ताईंवर हा वाद सोपवू नका, मेडिकल ऑफिसरनेच बोलावं.

पाड्यावर लसीकरणाला गेलात तर सुया आणि सिरिंज तिथेच कापून, बंद डब्यात परत आणा. मोटारसायकलच्या हँडलला लटकवलेली पिशवी वळणावर गुडघ्याला घासते, म्हणून झाकणाचा कडक डबाच हवा. नर्मदेच्या बुडीत भागात तरंगत्या दवाखान्यावर काम करणाऱ्यांनी पांढरा डबा टेबलाला पट्ट्याने बांधावा.

सुई टोचली तर

हा भाग छापून कचऱ्याच्या खोलीत आणि इंजेक्शन रूममध्ये लावा.

आधी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. पिळू नका, चोखू नका, बोट तोंडात घालू नका. स्पिरिट, ब्लीच, हळद किंवा चुना लावू नका. डोळ्यात शिंतोडा गेला तर लेन्स असल्यास काढून, पाण्याने किंवा नॉर्मल सलाईनने बराच वेळ धुवा.

मग लगेच मेडिकल ऑफिसरना सांगा, फेरी संपायची वाट बघू नका. एचआयव्ही टाळायची औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत. ७२ तासांनंतर सुरू करून उपयोग नसतो. म्हणून त्यांचा साठा तुमच्याकडेच हवा. धडगावहून नंदुरबारला पोचेपर्यंत दोन तास सहज उलटतात. सुरुवातीच्या काही दिवसांच्या गोळ्या इमर्जन्सी ट्रॉलीच्या कुलूपबंद कप्प्यात ठेवा आणि किल्ली रात्रपाळीलाही मिळेल अशी व्यवस्था करा. पुढच्या गोळ्या जिल्ह्याच्या एआरटी केंद्रातून, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रातून, घ्या. सध्याचं औषध टेनोफोविर ३०० मिग्रॅ, लॅमिवुडिन ३०० मिग्रॅ आणि डोल्युटेग्राविर ५० मिग्रॅ, दिवसातून एकदा, २८ दिवस. अर्ध्यावर सोडायचं नाही. मावशी लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतील, अ‍ॅसिडिटीचं औषध किंवा टीबीचे उपचार चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना सांगा, त्यानुसार वेळ किंवा डोस बदलावा लागतो.

हिपॅटायटीस बीची लस पूर्ण आणि टायटर चांगला असेल तर काही करावं लागत नाही. लस झालेली नसेल तर शक्यतो २४ तासांत पहिला डोस, आणि रुग्ण हिपॅटायटीस बीचा असेल किंवा कोण ते कळत नसेल तर इम्युनोग्लोब्युलिनचा निर्णय डॉक्टर घेतील : ०.०६ मिलि दर किलोला, दुसऱ्या जागेवर. हे इंजेक्शन छोट्या ठिकाणी मिळत नाही. जिल्ह्यात कुठे मिळतं ते आजच विचारून, नंबर भिंतीवर लिहून ठेवा. हिपॅटायटीस सीसाठी आधीच द्यायचं औषध नाही, फक्त तपासणी करायची आणि लागण झाली तर उपचार.

पिशवीतून टोचलेली सुई कुणाची हे बहुतेक कळत नाही. ती सुई तपासणीला पाठवू नका, त्यातून काही निष्पन्न होत नाही आणि हाताळणारा आणखी एक जण धोक्यात येतो. रुग्ण माहीत असेल तर त्याची तपासणी त्याच्या संमतीनेच. मावशींची तपासणी लगेच, मग सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने. तोवर कंडोम वापरावा, रक्तदान करू नये. निकाल ज्यांना कळायला हवा त्यांनाच कळावा. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ प्रमाणे संसर्गाचा धोका असलेल्या कामावरच्या माणसांना संरक्षणाची साधनं, प्रशिक्षण आणि टोचल्यानंतरची औषधं देणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. माहिती विचारायला १०९७ हा मोफत हेल्पलाइन क्रमांक आहे.

सांगायला न लाजण्याचं वातावरण

सुई टोचल्याचं सगळ्यात कमी सांगतात ते ठेक्यावरचे लोक. काम जाईल, चूक आपल्यावर येईल, ही भीती. पहिल्या बैठकीतच सगळ्यांसमोर सांगा की टोचल्याबद्दल कुणावरही कारवाई होणार नाही. रजिस्टरमध्ये नाव, वेळ, जागा, कुठल्या पिशवीतून, काय केलं एवढेच रकाने ठेवा. ‘चूक कुणाची’ हा रकाना नको. सुई टोचल्याच्या घटना वार्षिक अहवालात जातात, तो ३० जूनच्या आत द्यायचा असतो.

प्रशिक्षण पुस्तकी मराठीत देऊ नका. धुळे-जळगावात अहिराणीत, शहादा-अक्कलकुव्याकडे भिलीत किंवा पावरीत, ज्या बोलीत मावशी घरी बोलतात त्यात बोला. ‘माले सुई टोचनी’ एवढं बिनधास्त म्हणता आलं तरी पहिली पायरी झाली. लिहिता-वाचता येत नसेल तर चित्रांचा तक्ता बादलीच्या वर, डोळ्यांच्या उंचीला. खोटी सुई किंवा टोपण लावलेलीच सुई घेऊन एकदा सराव करा : टोचली असं धरून चला, घड्याळ लावा, आणि गोळी हातात यायला किती वेळ लागतो ते बघा. हा सराव रात्रपाळीला करा, कारण किल्ली कुणाकडे आहे ते तेव्हाच कळतं. गोळ्यांची मुदत दर महिन्याच्या एक तारखेला तपासा आणि संपायच्या दोन महिने आधी एआरटी केंद्रातून बदलून आणा.